समोरचा बर्गरवाला आणि हिची शुगर

३ जानेवारी, सकाळी १०
आमच्या हिचं, लतिकाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा लांबलं. डॉ. हर्षा म्हणतात, शुगर खाली आल्याशिवाय डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही. बाहेरचं तेलकट आणि गोड बंद करा, महिनाअखेर बघू.
आता ही बाई घराबाहेर पडते ती रस्त्यापलीकडच्या मेडिकलपर्यंत. कधी गोळ्या, कधी ड्रॉप. मी मुद्दाम तिलाच पाठवतो, तेवढाच व्यायाम. मग बाहेरचं पोटात जातं कुठून? मेडिकलच्या अगदी बाजूला दिवाळीपासून तो पिंटू बर्गरचा ठेला लावून बसलाय. लाल पाटी, लाल दिवे, चीजचा वास थेट आमच्या गॅलरीत. उभा जन्म ऑफिसात फायली तपासण्यात गेला, त्यामुळे कशामुळे काय होतं हे मला डॉक्टरांपेक्षा लवकर कळतं.
संकल्प : हिची शुगर महिन्याभरात खाली. पिंटू त्याआधी.

५ जानेवारी
मॉर्निंग वॉक. ग्रुपला बर्गर या विषयावर चालता चालता लेक्चर दिलं. मैदा, ट्रान्स फॅट, मीठ. अमेरिकेचं जे झालं ते नागपूरचं होणार. सगळ्यांना पटलं. भुकाही लागल्या. नेहमीप्रमाणे मारोतरावांच्या ठेल्यावर तर्री पोहा, पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा.
हा खरा नाश्ता. हरभरा म्हणजे प्रोटीन, पोहे पचायला हलके, तर्रीने छाती मोकळी. वरून चिवडा घातला की चावायचाही व्यायाम. हिच्यासाठी पार्सल आणलं, जास्तीची तर्री वेगळ्या पिशवीत. नको म्हणत होती. आजारी माणसाला उपाशी ठेवायचं का? मग मीही जेवत नाही म्हटल्यावर खाल्लं. तिखट लागलं म्हणून दोन जिलब्या दिल्या.

८ जानेवारी
पिंटूला समज दिली. जवळच्या मौदा गावचं पोरगं, ओठावर जेमतेम मिसरूड. माझं सगळं ऐकून घेतलं आणि वर मलाच विचारतो, काका, तुमाले काय तरास होऊन राहिला? म्हणालो, मला नाही, समाजाला. यावर त्याने एक बर्गर पुढे केला. पैसे नको म्हणाला.
शत्रूचा अभ्यास हवा म्हणून खाल्ला. निष्कर्ष : निव्वळ मैदा, पोषण शून्य. चीजही कमी टाकतो.

११ जानेवारी
ठेला हटवण्याचा अर्ज तयार. कॉलनीतल्या सह्या घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसात दिला. एका दीडशहाण्याने विचारलं, मारोतरावांचा ठेला पण फुटपाथवरच नाही का? त्याला काय समजावणार. बर्गरवाला अतिक्रमण करतो, मारोतराव समाजसेवा करतात. त्याची सही घेतलीच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
डॉक्टरबाईंनी फोन करून हिला तिळाचे लाडू देऊ नका म्हणून सांगितलं. गूळ म्हणजे लोह, साखर नव्हे, एवढं मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं. हिला चार दिले. लहान होते.

१७ जानेवारी, संध्याकाळी ७
पकडली. गॅलरीतून या डोळ्यांनी पाहिलं. ही हातात कापडी पिशवी घेऊन पिंटूच्या ठेल्यासमोर उभी. पिंटू वाकून काहीतरी बोलतोय, ही मान हलवतेय. नंतर मध्ये एक ऑटो आला आणि पुढचं दिसलं नाही. पण ऑर्डर गेली हे उघड आहे.
घरी आल्यावर विचारलं, कुठे होतीस? मेडिकलमध्ये, म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी खोटं बोलायला लागली ती एका बर्गरपायी. संताप संताप झाला. त्या भरात खाली गेलो आणि गरम कचोऱ्या घेऊन आलो. म्हटलं खायचंच आहे तर स्वच्छ, आपलं, देशी खा.

२० जानेवारी
आज पुन्हा तिथेच उभी. पुरावा जमवतो आहे. ती परत आल्यावर पिंटूकडे जाऊन दुसऱ्यांदा परीक्षण केलं, पनीरवाला. अभ्यास पूर्ण व्हायला अजून दोन प्रकार बाकी आहेत.

२३ जानेवारी
प्लॅन ठरला. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर कॉलनीच्या हॉलमध्ये शुगर-बीपीचं शिबिर. डॉ. हर्षा फुकट येणार. पिंटूने कॉलनीची काय वाट लावली ते सगळ्यांसमोर सिद्ध होईल. लतिकाचाही निकाल तिथेच लागेल. अल्पोपहार माझ्याकडून : कचोरी आणि जिलबी.

२६ जानेवारी, दुपारी ३
मशीन खराब होतं. त्याशिवाय असं होणं शक्य नाही.
बर्गरवर पडीक असणारी पोरं नॉर्मल निघाली. डॉक्टर म्हणाल्या, वय आहे म्हणून, त्यांचाही नंबर लागेल. पण आमचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप? रोज पहाटे उठणारी शिस्तीची माणसं, आणि एकाचंही बीपी ठिकाणावर नाही. माझं मोजून झाल्यावर डॉक्टरबाईंनी मला आधी खुर्चीत बसवलं.
लतिकाची शुगर मागच्यापेक्षा वर. काकू, तुम्ही खाता तरी काय, असं डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, मी सांगतो. ही समोर उभी राहून चोरून बर्गर खाते, मी पाहिलंय. मग ही माझा आवाज जिकडून आला तिकडे तोंड करून हळूच म्हणाली, सकाळी हे पोहे आणतात, संध्याकाळी कचोरी. नको म्हटलं की जेवत नाहीत, म्हणून खाते.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात तेव्हा जिलबी होती, तो योगायोग.
डॉक्टरांनी तिथेच मला झाडलं. उघड्या कढईत तेच ते तेल तापवून, ठेल्यावर दोन मिनिटांत हातात मिळतं ते फास्ट फूडच, मग त्याचं नाव मराठी असो की इंग्रजी. बर्गर रोज खाल्ला तरी हेच होतं आणि कचोरी रोज खाल्ली तरी हेच. ऑपरेशन आता होळीनंतर बघू. तर्रीला फास्ट फूड म्हणणारी बाई नागपुरात प्रॅक्टिस करते तरी कशी?

२७ जानेवारी, रात्री
हिने काल सगळ्यांसमोर मला उघडं पाडलं. म्हणून पुरावा आणायला पिंटूकडे गेलो. म्हटलं, काकूंनी किती बर्गर खाल्ले ते डॉक्टरांसमोर येऊन सांगायचं.
पिंटूने तव्यावरचं काम थांबवलं. म्हणाला, काका, काकूनं माह्याकडं एक बी बर्गर नाही खाल्ला. त्यायले बराबर दिसत नाही ना. माही पाटी लाल, मेडिकलची बी लाल. त्या माह्यापाशीच येतेत आन् गोळ्या मांगतेत. मी हात धरून बाजूले नेतो, मंग रस्ता पार करून देतो. तुमाले मालूम नव्हतं का?
मालूम होतं, म्हणालो.
घरी येऊन गॅलरीत बसलो. लाज वाटली. फार वाटली. ही आत चाचपडत देवाजवळची काडेपेटी शोधत होती. उठून दिली.

२८ जानेवारी
नवे संकल्प. एक, हिच्यासाठी पार्सल बंद. दोन, पिंटूवरचा अर्ज मागे घेणे.
पहिला आजच पाळला. मारोतराव सवयीने पार्सल बांधायला लागले, त्यांना म्हटलं, नको, इथेच द्या. दोन्ही प्लेट मीच संपवल्या. दुसऱ्यासाठी झोन ऑफिसला निघालो, पण पोट जड झालं होतं. उद्या नक्की.

२९ जानेवारी
महापालिकेचं अतिक्रमण हटवणारं पथक सकाळीच येऊन गेलं. तेव्हा मी अर्ज मागे घ्यायला गेलो होतो. म्हणजे जाताना वाटेत मारोतरावांकडे थांबलो होतो. परत आलो तर तवा, काउंटर, लाल पाटी, सगळं ट्रकमध्ये. पिंटू मौद्याला गेला म्हणे.
कॉलनीवाल्यांनी माझं अभिनंदन केलं. एकाने हारही आणला होता. नको नको म्हणत घालून घेतला.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी
लतिकाने सकाळी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. छान लागली म्हणाली. गोळ्या मी आणतो असं ठरवलं होतं, पण माझा जरा डोळा लागला. तेवढ्यात ती पिशवी घेऊन गेली आणि बऱ्याच वेळाने रिकामीच परत आली. कोपराला खरचटलं होतं, एका स्कूटरवाल्याचा धक्का लागला म्हणाली.
मी हळद लावत होतो तेव्हा तिने विचारलं, अहो, मेडिकलमधला तो मुलगा दिसत नाही दोन-तीन दिवस. किती वेळ उभी होते मी. आजारी तर नाही ना?
माहीत नाही म्हणालो.