ताईच्या नावची फुली

हॅलिफॅक्स, कॅनडा
१४ नोव्हेंबर २०१९

चि. क्लिफर्डास नोरीनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शीलाचा गुडघा धरलाय हे वाचून वाईट वाटलं, आणि म्हणून सध्या तू स्वयंपाक करतोस हे वाचून तिची जास्तच काळजी वाटली. इथे बर्फ सुरू झालं. जिल ऑफिसला गेली की दिवसभर मी आणि खिडकी.

निवडणूक लागली, म्हणजे तुझ्या पुढच्या खोलीचं पुन्हा पक्षाचं ऑफिस झालं असेल. टेबलावर पत्रकांचे गठ्ठे आणि शीलाच्या गालिच्यावर तुम्हा लोकांचे चिखलाचे बूट. मी लेकीकडे आले त्याला तेरा वर्षं झाली. तेव्हापासून दर वेळी आपल्या जुन्या शाळेत जाऊन माझं मत माझ्या वतीनं तूच टाकतोस. कुणाला टाक, हे सांगायची कधी वेळच आली नाही. आपल्या घरात मतपत्रिकेवर मजूर पक्षाशिवाय दुसरीकडे फुली पडलीय कधी?

या वेळी मात्र सांगते. रागावू नकोस, आणि रागावलास तरी पुढचं वाच. माझी फुली हुजूर पक्षाला दे. खाण गेली, पोहायचा तलाव गेला, आता स्टेशनकडची बसही बंद झाली असं तूच लिहिलंस. आणि इतकी वर्षं निवडून कोण येतंय? आपलेच! त्यांनी आपल्याला गृहीत धरलंय रे. एकदा बसू दे दणका. माझा स्टॅन असता तर यावरून त्यानं महिनाभर अबोला धरला असता, ठाऊक आहे मला.

तर मत माझं, हात तुझा. उन्हाळ्यात मी येतेच आहे. काय भांडायचं ते तेव्हा परसात बसून भांडू. शीलाला जप. लोभ आहेच, तो भांडणानंतरही ठेव.

तुझी
ताई


स्कार्थवेल, इंग्लंड
१५ डिसेंबर २०१९

ती. नोरीनताईस क्लिफर्डचा सा. न. वि. वि.

आपण हरलो. एकसष्ट मतांनी. गावातून हुजूर पक्षाचा माणूस निवडून आला, हे लिहितानाही हात मागे येतो. निकालानंतर खाणीच्या क्लबात सगळे जमले होते, पण बिअरला कुणी हात लावला नाही. युनियनचा झेंडा ज्यानं जन्मभर खांद्यावर वाहिला तो आपला मॉरिस, कोट-टोपी न काढता कोपऱ्यात बसून रडला. घरी सोडायला गेलो तर दारात मला विचारत होता, की मग आता आपण कोण?

तू सांगितल्याप्रमाणे तुझे मत टाकले आहे. तुझी इच्छा पूर्ण झाली. या विषयावर आणखी काही लिहू नये ही विनंती.

उन्हाळ्यात येऊ नकोस. घर रंगवायला काढायचे आहे. पुढचे मी कळवीन. कळावे.

क्लिफर्ड


हॅलिफॅक्स
२७ मे २०२४

चि. क्लिफ, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू कळवणार होतास. साडेचार वर्षं झाली. एवढ्यात लोकांनी राजवाडे रंगवले असते! महामारी आली नि गेली, मी सात पत्रं टाकली आणि मला काय मिळालं, तर शीलाची नाताळची कार्डं. त्यावर तुझं नावही तीच लिहिते. अक्षर ओळखते मी.

आता मला विमानानं येता यायचं नाही. डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं, हृदय झेपायचं नाही म्हणे. मी त्यांना म्हटलं की ते इथे बसूनही झेपत नाहीये. फार आठवण येते रे. गावाची येते, तुझी येते, तू लावलेल्या त्या जाड्या कांद्याच्या पातीची आणि तिला मिळालेल्या बक्षिसाच्या तुझ्या बढायांचीसुद्धा येते. देश सोडून पंधरा वर्षं झाली म्हणून मधे मतदार यादीतून माझं नाव काढलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. जिल हसली. तिला काय कळणार? आपल्या गावात माझं तेवढंच उरलं होतं.

पण आता कायदा बदललाय. कितीही वर्षं झाली तरी नाव ठेवतात. मी लगेच अर्ज केला. माझं मत कोण टाकणार, तिथे तुझंच नाव लिहिलंय. दुसरं कुणाचं लिहू? आणि फुली पुन्हा हुजूर पक्षालाच दे. म्हातारीचा हट्ट म्हण हवं तर.

दोन ओळी लिही. शिव्या घाल, पण लिही.

तुझी
ताई


स्कार्थवेल
६ जुलै २०२४

ती. नोरीनताई, शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी. आपण जिंकलो! चांगल्या चार हजारांनी. मॉरिस ब्याऐंशीचा आहे, पण क्लबातल्या टेबलावर चढला आणि मग त्याला खाली उतरवायला तिघं लागले. सगळा गाव मला मिठ्या मारत होता आणि मला सारखं एकच वाटत होतं, की घरी जाऊन ताईला खरं काय ते लिहिलं पाहिजे.

ताई, गेल्या वेळी मी तुझं मत चोरलं. हातात पेन्सिल घेतली, तुझ्या म्हणण्याप्रमाणे फुली काढायला गेलो आणि नाही जमलं. मजूर पक्षाला फुली मारून मोकळा झालो. वर तुला खोटं लिहिलं. आणि चोरी करूनही हरलो, आहे की नाही गंमत! तू समजत असशील मी रागावलोय. राग चार दिवसांत गेला गं. मग नुसती लाज उरली. जन्मभर शाळेच्या दारात पक्षाची लाल फीत लावून उभा राहिलो, मत म्हणजे काय ते पोरांना शिकवलं, आणि सख्ख्या बहिणीला फसवलं. तू आलीस तर तोंड कसं दाखवू, म्हणून येऊ दिलं नाही. आता तुला येताच येत नाही. हे माझ्यामुळे झालं. साडेचार वर्षं मी मान खाली घालून गालिचा बघत बसलो.

या वेळी मात्र तू म्हणालीस तसंच केलं. आता मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागतं. टेबलामागे लेन होता, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा तोच. तरी पठ्ठ्या म्हणतो, ओळख दाखव! मी बसचा पास दाखवला. बस बंद होऊन पाच वर्षं झाली, पास अजून चालतो. आधी माझं मत टाकलं, मग तुझ्या मताची चिठ्ठी घेऊन आडोशाला गेलो. हुजूर पक्षापुढे फुली मारली. फुली वाकडी आली, पण आली.

एक सांगायचं राहिलं. चिठ्ठी देण्याआधी नाव मोठ्यानं वाचायचा रिवाज तुला ठाऊक आहे. आपण जिथे पाढे म्हणायचो तोच वर्ग, खुंट्या अजून तशाच, कमरेएवढ्या उंचीच्या. लेननं यादीवर पट्टी ठेवली आणि खणखणीत आवाजात वाचलं, नोरीन अ‍ॅलिस हॅल्सॉप, सत्तावीस, चॅपल रो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हजर. सगळे हसले. मला हसता येईना.

क्षमा कर. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा
क्लिफ


हॅलिफॅक्स
१९ जुलै २०२४

चि. क्लिफ, अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

अरे वेड्या, मला तेव्हाच कळलं होतं. खोटं लिहितोस तेव्हा तुझं अक्षर सुरेख येतं आणि भाषा सरकारी होते. सात पत्रांत विचारलं नाही, कारण मला ते तुझ्याकडून ऐकायचं होतं. तू लाजत बसलास, मी वाट बघत बसले. दोघंही एकाच आईची.

आणि या वेळी मलाही हुजूर पक्ष नको होता! त्यांनी तरी काय दिवे लावले? पण म्हटलं, बघू या, हा सांगितलेलं करतो का. ती वाकडी फुली फुकटच गेली रे. मॉरिसला कळू देऊ नकोस, टेबलावरून पडेल.

तुझं पत्र चारदा वाचलं. मग जिलला म्हटलं, माझं पूर्ण नाव नि चॅपल रोचा जुना पत्ता मोठ्यानं वाच. तिनं वाचलं, पण इथे ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटतं.

पुढच्या निवडणुकीला मी असले तर फुली कुणाला द्यायची ते तूच ठरव. पण लेननं नाव वाचलं की जे म्हणालास ते म्हणायला विसरू नकोस.

तुझी
ताई