न लिहिता हात

सोमवार, २ जुलै १९५६
नोकरी लागली! कॉलेजच्या एक्स-रे खात्यात विद्यार्थी-मदतनीस. सकाळी आठ ते अकरा काम, मग खुशाल वर्गात बसा. परळच्या आमच्या चाळीत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. सायन्सला गेलेला चाळीतला मी पहिला, त्यामुळे आई शेजारणींना सांगत होती, आमचा रामदास आता माणसांच्या आतलं बघणार.

खात्याचे प्रमुख विजयकरसाहेब. गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, कोटाला एक सुरकुती नाही. त्यांनी भिंतीवरचे नियम मला मोठ्याने वाचायला लावले. वेळेवर या. वहीत सही करा. दुसऱ्याच्या फिल्मच्या पाकिटाला हात लावू नका. आणि रोज पहिल्या रुग्णाआधी विद्यार्थ्याने आपल्या न लिहित्या हाताची फिल्म काढून यंत्र तपासायचं. फिल्ममध्ये दोष निघाला तर विद्यार्थी घरी.

सगळे डावा हात ठेवतात, मीही ठेवला. मी डावखुरा आहे हे अर्जाच्या वेळी लपवलं होतं, उजव्याने सही घोटून आलो होतो. डाव्या हाताने पाणीसुद्धा न घेणाऱ्यांतले दिसतात साहेब. एवढ्याशा गोष्टीवरून हातची नोकरी कोण घालवील?

शनिवार, ७ जुलै
फिल्म धुवायला कुशाबा शिकवतो. वीस वर्षं काळोख्या खोलीत काढलेला माणूस, नखं औषधाने पिवळी पडलेली. माझी हाडं बघायला मजा येते. फिल्म वाळली की आपल्या नावाच्या पाकिटात घालायची.

माझ्या शेजारचं पाकीट जयवंतचं, माझ्या आधीच्या विद्यार्थ्याचं. तो कुठे गेला विचारलं. साहेब म्हणाले, जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला तेव्हा घाबरून कोकणात पळाला, परत आलाच नाही. कुशाबा मान खाली घालून फिल्म हलवत राहिला. कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, १२ जुलै
आजच्या फिल्ममध्ये करंगळी वाकडी आली. मोडलेलं हाड वेडंवाकडं सांधावं तशी. माझी करंगळी जन्मात कधी मोडलेली नाही. कुशाबाने फिल्म बदलली असणार म्हणून दुसरी काढली, स्वतः धुतली. तीच करंगळी.

सांगावं तर दोष निघाला म्हणून घरी पाठवतील. दोन्ही फिल्म गुपचूप पाकिटात सारल्या.

सोमवार, १६ जुलै
नियम मोडला. जयवंतचं पाकीट उघडलं.

वाकडी करंगळी त्याची आहे. रोजची एक फिल्म, १६ जानेवारीपर्यंत. वहीतली त्याची सहीही त्याच दिवशी संपते. पण पाकिटात आणखी एक फिल्म आहे, २० जानेवारीची. करंगळी तीच, आणि तळव्यात गोळी. कोकणात पळालेल्या माणसाचा हात चार दिवसांनी इथे कसा?

कुशाबाला गाठलं. त्याने हात जोडले. म्हणाला, "तू काय बघितलं नाय, मी पण काय बघितलं नाय." बोलताना त्याची नजर मागच्या खोलीच्या कुलपाकडे गेली. तिथे जुनं यंत्र आहे म्हणतात. किल्ली साहेबांच्या कोटात असते.

बुधवार, १८ जुलै
माझ्या फिल्ममध्ये आज गोळी दिसली. तळवा चाचपला — काही नाही. पण मूठ वळत नाही. आई विचारते, करंगळी अशी का धरतोस.

ही रोजनिशी चाळली. गेल्या गुरुवारपासून अक्षर उजवीकडे कललंय. माझं अक्षर असं नाही.

शुक्रवार, २० जुलै
उजव्या हाताने लिहितोय. जमत नाही.

साहेबांनी माझं पाकीट मागवलं. एकेक फिल्म उजेडासमोर धरली. वाटलं, आता घरी पाठवणार. रागावलेसुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, लिहितोस कुठल्या हाताने? उजव्या म्हणालो. ते माझ्या डाव्या हाताच्या बोटांवरची शाई बघत होते —

उद्या सातलाच ये म्हणाले. मागच्या खोलीतलं यंत्र तपासायचंय. कुणाला सांगायचं नाही.

शनिवार, २१ जुलै
सकाळ. आई डबा भरतेय. नाही गेलो तर नोकरी गेली. गेलो तर —

डावा हात पेन्सिलीकडे सरकतोय. मी नाही सरकवत. घेऊ दे. काय लिहितो बघू —

रामदास, जाऊ नकोस. मी जयवंत. मी गावी गेलो नाही. मोर्च्यात गोळी हाताला लागली, तेवढीच. मी जगलो असतो. पोलीस शोधत होते म्हणून साहेबांकडे आलो. त्यांनी फिल्म काढली, मागच्या खोलीत बसवलं, बाहेरून कुलूप लावलं. म्हणाले, पोलीस गेले की उघडतो. मी तीन दिवस दार वाजवत होतो. बाहेर कुशाबा फिल्म धूत होता, त्याला सगळं ऐकू ये