कलिंगडाची सहावी बी

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (हे एवढं आईनं सांगितलं म्हणून. पुढचं सगळं माझं.)

तुझं पार्सल मिळालं. लोकरीचे गुंडे, चार नंबरची क्रोशाची सुई आणि तू लिहिलेला कागद, सगळं नीट आलं. बाबांनी खोकं हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाले, माझ्या बहिणीला वाटतं जग लोकरीवर चालतं. पण खोकं टाकू दिलं नाही. त्यात आता ते स्क्रू ठेवतात.

पहिला चौकोन केलाय, कलिंगडाचा. सोबत पाठवतेय. रविवारी सुट्टी होती, घरात कोणी नव्हतं, खिडकीत बसून सावकाश केला. कागदावर आहे तसाच, आधी लाल गोल, मग पांढरा एकच फेरा, मग हिरवा, आणि हिरव्यातच कोपरे काढून गोलाचा चौकोन. पहिल्यांदा कोपरे पाच झाले. उसवलं. पाच कोपऱ्यांचं कलिंगड पाठवलं असतं तर तू ते सगळ्या वर्गात फिरवलं असतंस, मला माहितीये. शेवटी वरून बिया भरल्या, सहा. काळी लोकर घरातलीच होती, ती पाच बियांत संपली. सहावी दुसऱ्या कशाची तरी भरलीय. कशाची ते सांगत नाही. तुझी नजर घारीची, तूच ओळख.

कामाचं विचारलंस. धुलाईच्या कारखान्यात मला आता इस्त्रीच्या रोलरवर टाकलंय. हॉटेलांच्या चादरी येतात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला एक बाई. तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. मला म्हणतात बिघडलेला रेडिओ. दोघींनी ओली चादर ताणून धरायची, रोलरमध्ये सोडायची, पलीकडून गरम आली की घडी घालायची, की पुढची. संध्याकाळी बोटं वाकत नाहीत. सुई धरली की मात्र वाकतात.

शाळेचं नको विचारूस. बाई येऊन गेल्या घरी, आईशी बोलल्या. मी आतल्या खोलीत बसून होते. उभं राहून वाच म्हटलं की माझा गळा बंद होतो, हे त्यांनाही माहितीये आणि मलाही. नववीतच संपलं ते.

आईची पाठ तशीच. लोभ असू दे, लोकरही असू दे.

तुझी,
भाची


ता. ११ फेब्रुवारी

चि. मुक्या खांबास,
अनेक आशीर्वाद.

हे तुझं नवीन नाव. रागावू नकोस. क्रोशात मुका खांब म्हणजे सगळ्यात ठेंगणा टाका. दिसत नाही फारसा, पण तो घातल्याशिवाय कड बसत नाही.

कलिंगड मिळालं. हातात घेतलं आणि होते तिथंच बसले. मऊ, सगळीकडून सारखं, ना ढिलं ना आवळलेलं. बोटं लावून रुंदी मोजली, बरोब्बर सहा बोटं भरली. आणि ती बी ओळखली हो, लबाड. आत्याला फसवायला तुला अजून पुष्कळ चपला झिजवाव्या लागतील.

आता कामाचं. महिला केंद्रातला माझा विणकामाचा वर्ग बारा वर्षं चाललाय हे तुला ठाऊक आहे. आता नवीन व्यवस्थापक बाई आल्यात. म्हणतात, पुढच्या महिनाअखेरीला प्रत्येक वर्गानं आपलं काम मांडायचं. ज्याचं काम नाही त्याची खोली दुसऱ्याला. म्हणजे मार्चअखेर. शिवणयंत्रवाल्या टपूनच बसल्यात. मी फळांचं पांघरूण मांडायचं म्हणतेय, वीस चौकोनांचं. दहा माझे जुने खोक्यात आहेत. दहा तू कर. मला वर्गातून वेळ होत नाही.

दुसरं म्हणजे, मला मदतनीस ठेवायला परवानगी मिळालीय. तू ये. माझ्याकडे राहा. दहा-बारा बायका असतात, त्यांना सुई धरायला शिकवायचं, चुकलं की दाखवायचं. चादरींच्या वाफेत किती दिवस शिजणार आहेस? दादाशी मी बोलते.

आमच्याकडे सध्या दिवा मिणमिणतो, ओळी वाकड्या गेल्या असतील तर सांभाळून घे. लोभ आहे तो उसवू नये.

तुझी,
आत्या


ता. २२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

उशीर झाला. हॉटेलं भरलीत म्हणून रोलर दोन पाळ्यांत चालतोय आणि मी त्यातल्या दीड पाळीत असते. मनगटाला एकदा चटका बसलाय, जास्त नाही. जेवताना झोप येते. परवा ताटावरच डुलकी लागली, बाबा म्हणाले, हिला आधी झोपू दे, मग वाढ.

दोन संत्री, एक लिंबू आणि एक किवी पाठवतेय. संत्र्याच्या फोडींमधल्या पांढऱ्या रेघा वरून भरल्यात, त्या एकसारख्या आल्या नाहीत. तू हिरवा म्हणून पाठवलेला एक गुंडा तपकिरी निघाला. बरंच झालं, किवीला साल मिळाली.

पण एक अडलंय. माझे चौकोन लहान होत चाललेत. लोकर तीच, सुई तीच, टाके मी तीनदा मोजले. कलिंगड पट्टीनं बारा सेंटीमीटर होतं, संत्री अकरा, किवी साडेदहा. का ते कळत नाही. तुझ्या हातचा एक चौकोन पाठवशील का? त्याच्यावर ठेवून करत जाईन.

तिकडे यायचं म्हणशील तर नाही जमणार गं. दहा बायका माझ्याकडे बघतायत असं नुसतं मनात आणलं तरी तोंडाला कोरड पडते. त्यातल्या एकीनं विचारलं, हे कसं करायचं, तर मी काय, तिला पत्र लिहू? बाबाही म्हणतात, कारखान्यात पुढच्या वर्षी कायम करतील, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला. मला पळायचं नाहीये, सोडायचंही नाहीये, मला फक्त एक दिवस उताणं पडून राहायचंय. चौकोन मात्र करीन सगळे. तुझी खोली जायला नको.

लोभ आहेच, आवळला तर माझ्या चौकोनांसारखा समज.

तुझी,
भाची


ता. २ मार्च

चि. मुक्या खांबास,
आशीर्वाद.

चौकोन लहान का होतात ते मला हातात घेतल्या घेतल्या कळलं. तू दमलीयेस. दमलेला माणूस दोरा घट्ट धरतो, सुटेल की काय म्हणून. पहिलं कलिंगड लोण्यासारखं होतं. ही संत्री दगड आहेत. जास्त चटका नाही म्हणून लिहितेस, पण लिंबाची एक बाजू निराळीच लागतेय, म्हणजे मनगट वळत नव्हतं.

माझ्या हातचं एक कलिंगड पाठवते आहे, खोक्यातलं, दोन-तीन वर्षांपूर्वीचं. ह्याच्यावर ठेवून कर. हात असा चालायला हवा, हे बोटांना कळू दे. नंतर परत आण, विसांत ते धरलंय. पाठव नाही, आण म्हणतेय.

यायचं नाही म्हणालीस, ऐकलं. पुन्हा विचारणारच. दादाला अजून काही बोलले नाही.

पेन बरोबर चालत नाही, म्हणून अक्षर मोठं.

तुझी,
आत्या


ता. ८ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तू पाठवलेलं कलिंगड तुझं नाहीये. माझं आहे.

आधी मला वाटलं, किती सारखं केलंय दोघींनी. मग बिया बघितल्या. पाच काळ्या आणि सहावी निळी, गडद. ती माझ्या शाळेच्या स्वेटरची आहे. बाहीची कड उसवून घेतली होती, आता तो काही घालायचा नाही म्हणून. मागे उलटून बघितलं तर मी मारलेली गाठ तशीच.

मला राग आला. वाटलं, थट्टा करतेय, किंवा माझं काम इतकं वाईट आहे की आल्या पावली परत. दुसऱ्या दिवशी चौकोन खिशात घेऊन कामावर गेले. रेडिओ म्हणाली, आज तोंड का एवढंसं? मी तिला निळी बी दाखवली आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे चार वाक्यं. ती गप्प झाली. चांगल्या तीन चादरी गेल्या तरी गप्प. मग म्हणाली, तुझ्या आत्याला दिसतं ना नीट?

घरी येऊन तुझी पत्रं काढली. फेब्रुवारीत ओळी वाकड्या होत्या. ह्या वेळी एक ओळ दुसरीवर चढलीय, "परत आण" मला तीनदा वाचून लागलं. तू माझे चौकोन बोटांनी मोजतेस, पट्टीनं नाही. मऊ म्हणतेस, दगड म्हणतेस, रंगाबद्दल कधी अक्षर नाही. हिरव्याच्या जागी तपकिरी. आणि बी ओळखली म्हणालीस, कुठली ते सांगितलं नाहीस. तुला ओळखूच आली नव्हती ना?

मी घरात कोणाला बोलले नाही. आत्या, तुला किती दिसतं? खरं सांग. मला कोणी खोटं समजावून सांगितलं की जास्त थकायला होतं.

तुझी,
भाची


ता. १३ मार्च

चि. मुक्या खांबास,
आशीर्वाद.

हे पत्र खालच्या औषधवाल्याकडून लिहून घेतेय, तुझी पत्रंही तोच वाचून दाखवतो. मी सांगते तसंच लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही अशी तंबी दिलीय. तरी डोळे पुसतोय मेला. हेही लिही रे, म्हटलं.

मधलं दिसत नाही. दिवाळं सगळं मधोमध निघालंय, कडेचं शाबूत आहे. समोर बघितलं की जिथं बघते तिथंच धुरकट भोक. आता तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागेल. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते बहुतेक राहील. दीड वर्ष झालं. दादाला कळवलं नाही कारण तो तडक येईल, मला उचलून नेईल आणि एका खुर्चीत बसवून ठेवील.

वर्गात बोटांवर निभावून नेते. चुकलेला टाका मला हाताला लागतो. रंग लागत नाहीत. मागच्या महिन्यात एकीला निळं लिंबू करू दिलं, ती बिचारी काही बोलली नाही.

मदतनीस हो म्हणून लिहिलं, ते तुझ्या भल्यासाठी असं भासवलं. ती मला हवी होती. एवढं खोटं बोलले.

कलिंगडाचं मात्र खोटं नाही. तुझे आणि माझे चौकोन एकाच खोक्यात पडले होते. सगळे एकेक करून चाचपले. जो माझ्या हातचा लागला तो काढून पाठवला. पुन्हा काढायला सांगितलंस तर तोच काढीन.

यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. उरलेले चौकोन तेवढे पाठव. लोभ होता तसाच आहे, डोळ्यांवर नव्हता कधी.

तुझी,
आत्या


ता. १९ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

रविवारी सकाळच्या बसनं येतेय.

बाबांना मी उभं राहून सांगितलं. आई पण होती. तीन वाक्यं ठरवून ठेवली होती. दुसऱ्या वाक्याला गळा बंद झाला. बाबा टीव्ही बघायला लागले. मग मी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं आणि तिसऱ्यापर्यंत गेले. डोळ्यांचं मी सांगितलेलं नाही. ते तू सांग, पण सांग. बाबा म्हणाले, कायम होणार होतीस. मी म्हटलं, हो. सकाळी उठून बघते तर त्यांनी स्क्रू काढून एका डब्यात भरलेले आणि तुझं खोकं पुसून माझ्या अंथरुणाशी ठेवलेलं.

आईच्या पाठीचं माझ्या मनातून जात नाही. ती म्हणते, तू रोलरवर होतीस तेव्हा तरी कुठं माझी पाठ चोळत होतीस. खरंय, पण तरी.

कारखान्यात सांगितलं. रेडिओ म्हणाली, आता चादरीचं दुसरं टोक कोण धरणार, आणि ऐकून कोण घेणार. तिला मी एक लिंबू दिलंय, म्हणून नऊच होतात. दहावं बसमध्ये करते.

लहान झालेल्या चौकोनांचं जमलं. कडेनं हिरव्याचा एक फेरा जास्त घातला की माप बारावर येतं. इथले सगळे ठेवून बघितले, तुझ्याकडच्यांना आल्यावर घालीन. उसवायला लागणार नाहीत, मला वाटलं होतं उसवावे लागतील.

वर्गात तू बोल. मी तुझ्या शेजारी बसते. रंग चुकला, ओळ चुकली की तुझ्या हाताला हात लावीन आणि बोटांनी आकडा सांगीन, कितवी बाई, कितवी ओळ. पुढेमागे माझा आवाज निघाला तर निघाला. नाही निघाला तरी निळं लिंबू होणार नाही.

तुझं म्हणून पाठवलेलं माझं कलिंगड आणतेय. निळी बी काढत नाही.

मी खूप दमलेय, दोन दिवस झोपेन, उठवू नकोस. स्टँडवर घ्यायला यायची काही गरज नाही. आलीसच, तर माझ्या कानाकडे बघ.

तुझी,
मुका खांब