डबीला ऐकू येत नाही

मंगळवार संध्याकाळ, महाड

आज सकाळपासून फोनवर एकच ओळ : ‘हालचाल नाही.’

कापड्याला, गावच्या घरी आत्या एकटीच असते, म्हणून गेल्या महिन्यात तिच्या स्वयंपाकघरात मीच हालचाल टिपणारी एक डबी बसवली. बराच वेळ घरात कोणी हललं नाही, की ती मला कळवते. आत्याचा फोन लागेना. पुन्हा तेच, ‘हालचाल नाही.’ मोटारसायकल काढली. वाटेत मनात काय काय आलं, ते लिहवत नाही.

दाराला बाहेरून कुलूप दिसलं, तेव्हा जरा धीर आला. दुपारी आत्या आली, केस ओले.

"सवच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकून आले. तुझं तोंड का रे असं?"

"सांगून जायचं ना, आत्या!"

"सांगून गेले की! डबीला सांगितलं, सवला जाते, दुपारी येते. तूच बोललास ना, ती तुला सगळं कळवते?"

बोललो होतो खरं. पण बाई पडलीय की कुंडावर गेलीय, हे डबीला कुठून कळणार? म्हणजे महिनाभर आत्या तिच्याशी बोलतेय. सांगावं का? वाईट वाटेल तिला. पण न सांगावं तर पुन्हा असंच होणार. शेवटी सांगून टाकलं, डबीला ऐकू येत नाही.

आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "नाय ऐकू येत? बरं झालं बाबा. तुझ्या लग्नाचं काय काय बोलून बसले होते तिच्यापुढं."