रिकाम्या मादीचं वर्ष

४ एप्रिल

"रिकामी मादी दिसली की बाजूला ठेव, ती आजारी असते." मी कॉलेजात असताना बाबांनी मला सापाचं पोट उघडायला शिकवलं, तेव्हाचं हे वाक्य. इतक्या वर्षांत कधी शंका आली नाही. आज आली.

त्यांच्या सापांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, म्हणून प्रयोगशाळेतल्या जतन केलेल्या सापांच्या जुन्या बरण्या काढल्या. अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारी ही जात. एप्रिलमध्ये पकडलेल्या मादीच्या अंडाशयात पिवळ्या बलकाचे टपोरे गोळे हवेत, अंडवाहिनी जाड हवी. बाजूला ठेवलेल्या माद्यांत दोन्ही नाही — नळी म्हणजे नुसती चपटी फीत. पण यकृत, फुप्फुस ठणठणीत. आजार आहे कुठे?

५ एप्रिल

काही कळत नाही.

९ एप्रिल

एकीच्या गर्भाशयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतल्या पेशी बुटक्या, ग्रंथी निजलेल्या. पण भिंत सैल, सुरकुतलेली — एकदा भरून रिकामी झालेली! म्हणजे पकडण्याच्या आदल्या मोसमात हिला पिल्लं झाली आणि पकडली त्या वर्षी ती विसावा घेत होती? का मीच भलतं बघतेय? बाबांच्या आलेखात तर प्रत्येक मादी दरवर्षी विते. सगळं पुस्तक त्या एका रेघेवर उभं आहे.

१२ एप्रिल

बाबांना आता दिसत नाही. "दाखवू नकोस, सांग." सांगितलं.

"आजारानं सैल झाली असेल! म्हातारपणी माझ्या आलेखाला सुरुंग लावतेस का गं?" मग हळूच, "मुखपृष्ठ कसं झालंय?"

छान झालंय, म्हटलं.

धाकटा भाऊ आतून ओरडला, "सापाच्या पोटातून बाहेर या दोघं, ताटं निवताहेत!" नंतर मला एकटीला गाठून, "ताई, छापू दे गं. कोण बघायला जातंय?"

मी बघितलंय ना पण!

२० एप्रिल

खात्री करायला एकच वाट. पिंजऱ्यातली आमची जिवंत मादी यंदा रिकामी आहे — पोटावरून बोटं फिरवली, एकही गोळा लागला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गोळे लागले, तर ती आजारी नव्हतीच. बाबा चुकले. तोवर पुस्तक थांबायला हवं.

सकाळी वाटतं, चुकीचं का होईना, त्यांच्या हातात पडू दे. दुपारी वाटतं, त्यांच्या नावावर हे जाऊ कसं देऊ? डोक्यात नुसता गुंता.

२७ एप्रिल

बाबांच्या तपासणीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "पुढचा उन्हाळा धरून चालू नका."

हे त्यांना सांगणार नाही. घरी येईपर्यंत ते एकच विचारत होते, "छापायला कधी जातंय?"

थांबलं तर पुस्तक त्यांच्या हातात पडणार नाही, हे ठाऊक आहे; तरी त्यांच्या नावावर चूक जाऊ द्यायची नाही. उद्या चहा झाला की म्हणेन — बाबा, तुम्ही नाहीच म्हणाल, पण पुस्तक पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवू या का?