उंबरठ्याखालचे आकडे

१ डिसेंबर १९८६
आलो एकदाचा! गोंडपिपरीपासून जीपने हाडं खिळखिळी केली, पण खोली झकास आहे. चहूकडे सागाचं जंगल, आत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक यंत्र. दूरच्या खाणीतल्या सुरुंगांचे हादरे मोजायचे, एवढंच काम. दाराच्या पायरीखाली एक डबी पुरली आहे. तिला जाणवलेला हादरा यंत्र दर मिनिटाला आकड्यात छापतं. आकडे चढत जाऊन उतरायला लागले की सगळ्यात मोठ्या आकड्यापुढे चांदणी उमटते. ते शिखर. गंमत म्हणजे उतार लागल्याशिवाय शिखर होऊन गेलं हे यंत्रालाही कळत नाही. पानगळ, उंदीर असल्या फुटकळ शिखरांना चांदणी मिळू नये म्हणून एक बटण आहे. साहेब त्याला ‘उंबरठा’ म्हणतात. त्याच्या खालचं सगळं बाहेर. माझ्याआधीच्या नानाजींनी तो इतका वर ठेवलाय की सुरुंगाशिवाय काही दिसायचंच नाही. आळशी माणूस! जीप आता पंधरा दिवसांनी.

५ डिसेंबर
सुरुंग दिवसातून एकदा. बाकी चिडीचूप. पाणी आणणारी मंगलीबाई सोडली तर माणूस दिसत नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्यावर ही वेळ! वडशाला नाटकांचा हंगाम भरात असेल, वच्छला माहेरच्यांबरोबर बघायला जात असेल. फार एकटं वाटतं. करमेना म्हणून उंबरठा पार खाली ओढला. मंगलीबाई आली, आकडे चढले, गेली, उतरले. चांदणी! मी खोलीत येरझारा घातल्या तरी चांदणी. आत कोण, बाहेर कोण, यंत्राला काय पत्ता! एकटाच हसत बसलो.

८ डिसेंबर
दुपारी खाटेवर पडलो असताना चांदणी उमटली. कुणी चालत येऊन परत गेल्यासारखी, फक्त बारीक. खरं सांगतो, बरं वाटलं. सोबत झाली. मंगलीबाईला कौतुकानं सांगितलं की उंबरठा खाली केल्यापासून पाहुणा येतो. तिची घागर हिंदकळली. म्हणाली, ‘उंबरठा काऊन उतरवला बाबू? मंग थो बाहेर काऊन राहीन?’ अहो बाई, बटणाचा उंबरठा, दाराचा नाही, असं समजावलं. तिला पटलं नाही. घागर अंगणातच ठेवून गेली.

११ डिसेंबर
शिखर रोज मोठं होतंय. म्हणजे रोज जवळ. आज दारात उभा राहून पाहिलं. यंत्रावर आकडे चढत होते आणि अंगण रिकामं. मंगलीबाई आली नाही.

१२ डिसेंबर
उंबरठा परत वर नेला. नानाजींनी ठेवला होता तिथेच. तरी चांदणी — जीप सोमवारी. पायी निघावं तर एकट्यानं एवढं जंगल — भीती वाटते, वच्छले. तुला एकदा तरी —

१३, दुपार
दार लावून बसलोय. आकडे चढताहेत. चांदणी नाही. अजून चढताहेत. उतर ना बाबा, एकदा उतर —

चांदणी! उतरले! पायरीपासून लांब चाललाय. गेला. गेला —

पण लांब, एवढंच कळतं. कुठल्या बाजूला ते नाही. बाहेर पाचोळा वाजला नाही. मी तर हललोही नाही. आणि मागे खाट करकर