खेकडा मासळीत येतो का

मंगळवार, १२ मार्च १९९१

बाबांना पायावर साधी चादरही सहन होत नाही. काल जाळं घेऊन खाडीवरून चालत घरी आले, आणि आज सकाळी उजवा अंगठा लाल, तापलेला, टम्म सुजलेला. मुरगळला असेल म्हणून आईने तेल चोळायला घेतलं, तर ते ओरडलेच.

डॉक्टर घरी आले, त्यांनी बघताच ओळखलं. युरिक अॅसिड वाढलंय. चोळू नका, शेकू नका. पाय उशीवर ठेवा, बर्फ लावा, गोळ्या, भरपूर पाणी. दारू बंद, मासळी बंद.

"मग आम्ही कोळ्यांनी खायचं काय?" बाबा म्हणाले. डॉक्टर हसले. मला नाही आलं हसू.

संध्याकाळ झाली तरी ठणका तसाच. चादर पुन्हा बाजूला सारली. अशक्तपणा आला म्हणून आई त्यांना आठवडाभर रोज खेकड्यांचा रस्सा पाजत होती. त्यानेच झालं असेल का? मी डॉक्टरांना विचारलंच नाही.

मघाशी ती पुन्हा वाटी घेऊन आली. मी अडवलं, तर म्हणते, "अगं, मासळी बंद सांगितलीय ना? खेकडा काय मासळी हाय?"

मी काही बोलणार, तर बाबा वाटीसाठी हात पुढे करत उठून बसले. दिवसभरात पहिल्यांदाच.